‘तू नुसते ओठ हलव’: एक वीकेंड, सवाई आणि नानांचं भजन

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेच गाळलेत.)

  

आजचा भाग जरा वेगळा आहे. आज पाहुणे नाहीत, मुलाखत नाही, मी एकटाच बोलणारे. एका वीकेंडबद्दल. शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाला आणि रविवारी रात्री दहाला संपला. त्यात मी शास्त्रीय संगीत ऐकलं, आणि तेरा वर्षांनी पहिल्यांदा चार लोकांत गायलो. हो, मी. जे मला ओळखतात त्यांना आत्ता हसू आलं असेल, त्यांचं बरोबर आहे.

आधी ती तेरा वर्षांची गोष्ट सांगतो.

मी आठवीत होतो. गॅदरिंगला समूहगीत होतं. तालीम चालू असताना गाण्याच्या बाई रांगांमधून कान देत देत फिरायच्या. माझ्यापाशी आल्या, थांबल्या, परत ऐकलं, आणि म्हणाल्या, “तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस.” बास. रागावल्या नाहीत, चेष्टा केली नाही. त्यांना कार्यक्रम चांगला करायचा होता आणि मी त्यातला खडा होतो. त्या गॅदरिंगचा फोटो अजून आमच्या घरी आहे. त्यात मी सगळ्यात मोठं तोंड उघडून उभा आहे, आणि त्या तोंडातून काहीही येत नाहीये.

तेव्हापासून मी ठरवून टाकलं की आपण बेसूर. गणपतीत आरतीला मी आधी धावत जाऊन झांज घेतो. सगळ्यांना वाटतं पोराला काय उत्साह! खरं कारण असं, की झांज वाजवणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू म्हणत का नाहीस. अंताक्षरीत मी गुण लिहितो. वाढदिवसाला टाळ्या वाजवतो. तुमच्यातही असे कितीतरी असतील. हा भाग त्यांच्यासाठी आहे.

आता शुक्रवार.

माझी आत्या पुण्यात राहते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालीय. डिसेंबर आला की तिचं एकच काम असतं, सवाई. आता पुण्याबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, धारवाडकडच्या कुंदगोळचे. १८८६ चा जन्म. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ त्यांचे गुरू. रामभाऊंनी मराठी नाटक कंपन्यांत स्त्रियांच्या भूमिकाही केल्या, आणि ‘सवाई गंधर्व’ हे नाव त्याच काळातलं. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू हे सगळे त्यांचे शिष्य. १९५२ साली रामभाऊ गेले आणि १९५३ पासून शिष्यांनी त्यांच्या स्मरणात पुण्यात गाणं सुरू केलं. भीमसेनजींनी ते पुढं अनेक दशकं वाढवलं. २०११ मध्ये भीमसेनजी गेले, त्यानंतर त्याचं नाव ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ झालं. पुणेकर मात्र अजून एकाच शब्दात बोलतात. “यंदा सवाईला आहेस ना?”

मी नव्हतो. मी कधीच नव्हतो. पण यंदा आत्याचा गुडघा दुखत होता आणि तिच्या शेजारच्या काकूंना ऐन वेळी मुंबईला जावं लागलं. म्हणजे एक पास मोकळा आणि एक ड्रायव्हर हवा होता. तर मी रसिक म्हणून गेलो नव्हतो, स्कूटर चालवायला गेलो होतो. हे स्पष्ट केलेलं बरं.

मुकुंदनगरचा मंडप तुम्ही पाहिला नसेल तर एकदा पाहा. हजारो माणसं. मागे खुर्च्या, पुढे भारतीय बैठक. शाली, मफलर, पाठीला उशा, आणि मांडी घालून बसलेले आजोबा-आजी, ज्यांच्या शेजारी माझ्याच वयाची कितीतरी पोरं. मला वाटलं होतं मी एकटाच पंचविशीतला असेन. तसं अजिबात नव्हतं.

गायिका येऊन बसल्या. मागे दोन तंबोरे, उजवीकडे तबला, डावीकडे पेटी. आणि मग काहीच होईना. त्या तंबोऱ्याच्या खुंट्या पिळतायत, मण्यांना हात लावतायत, कान देतायत. मी मोबाईल काढला. आत्यानं कोपरानं ढोसलं.

“ठेव तो. गाणं सुरू झालंय.”

“कुठं सुरू झालंय? तंबोरेच लावतायत अजून.”

“तेच ते.”

मला वाटलं ही उगाच मोठेपणानं बोलतेय. पण नंतर तिनं समजावून सांगितलं आणि मग मी पुढच्या दोन दिवसांत प्रत्येक वेळी तंबोरा लावताना कान टवकारून बसलो. तुम्हालाही सांगतो. तंबोऱ्याला चार तारा. साधारणपणे पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, आणि चौथी खालच्या षड्जाची, तिला खर्ज म्हणतात. म्हणजे तारा जुळवल्यात फक्त ‘प’ आणि ‘सा’ला. पण तंबोरा खरंच नीट लागला, की त्या खर्जाच्या तारेतून एक तिसरा स्वर ऐकू यायला लागतो, गंधार, ‘ग’. ती तार कुणीही गंधाराला लावलेली नसते. तो आपोआप उमटतो. प्रत्येक तारेच्या आवाजात मूळ स्वराबरोबर वरचे बारीक स्वरही असतात, आणि तारेखाली घोडीवर जो बारीक दोरा सरकवतात, ज्यानं जवारी खुलते, त्यानं ते बारीक स्वर उजळतात. गायक खुंट्या पिळत बसतो तेव्हा तो त्या न लावलेल्या गंधाराची वाट बघत असतो.

आणि हे मोबाईलवर का कळत नाही? पुरुष गायकाच्या काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला साधारण ७० कंपनांचा असतो. मोबाईलच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधून इतका खालचा आवाज नीट येतच नाही. मंडपातही गाणं स्पीकरमधूनच येतं, हे खरंय, मी काही भाबडेपणानं बोलत नाही. पण ते स्पीकर माणसाएवढे असतात. तो खर्ज सतरंजीतून, मांडीतून, छातीतून जाणवतो. मी आयुष्यभर तंबोरा हा ‘मागे काहीतरी चाललेलं’ म्हणून ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की गाणं त्याच्यावर उभं असतं.

त्यांनी यमन सुरू केला. आता खरं बोलतो. पहिली पंधरा मिनिटं मी कंटाळलो. कुठं चाललंय कळेना. तबला इतका सावकाश की मला वाटलं वादकाला झोप लागली. शेजारचे काका मधेच ‘आहाहा’ करायचे आणि मला वाटायचं, काय झालं? काहीच तर झालं नाही! लग्नात नातेवाईक आपल्याला न कळणाऱ्या विनोदावर हसतात ना, तसं.

आत्यानं माझा डावा हात ओढून घेतला आणि अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. म्हणाली, “मोज.”

ही युक्ती मी तुम्हाला फुकट देतोय, लक्ष देऊन ऐका. अंगठा सोडला तर आपल्या हाताला चार बोटं. प्रत्येक बोटाला तीन पेरं. झाली बारा. विलंबित एकताल बारा मात्रांचा. अंगठा एकेका पेरावर सरकवत न्यायचा, करंगळीपासून तर्जनीपर्यंत, आणि परत पहिल्या पेरावर आलात की ती सम. किराणा घराण्याच्या अतिविलंबित लयीत असं एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही लागतं. एका मिनिटात आपण किती रील बघतो? तेवढ्या वेळात गाणारी बाई एक फेरी मारून घरी येते.

मी मोजायला लागलो. पहिल्या दोन वेळा चुकलो. तिसऱ्या वेळी दहाव्या मात्रेवर मला कळलं की आता ती परत यायला लागलीय. अकरा. बारा. आणि समेवर मुखड्याचा शब्द असा अलगद येऊन बसला, आणि त्याच क्षणी माझी मान हलली. मी हलवली नाही, हलली. आजूबाजूला बघितलं तर हजारो माना त्याच क्षणी हललेल्या. शेजारच्या काकांनी माझ्याकडे बघून हसून मान डोलावली. आत्ता मलाही तो विनोद कळला होता.

शनिवारी आम्ही परत गेलो. आता मला ड्रायव्हर म्हणवत नव्हतं. मधल्या सुट्टीत चहा पिताना आत्या जुनी गोष्ट सांगत होती. रमणबागेत महोत्सव व्हायचा, गाणं रात्रभर चालायचं. पहाटे थंडीत कुणीतरी ललत किंवा तोडी गायचं आणि उजाडताना लोक चालत घरी जायचे. मी विचारलं, मग आता का नाही? तर २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून काही मोजके दिवस बारापर्यंत परवानगी मिळू शकते, तेवढंच. नियम चांगला आहे, माझ्या घराशेजारी मंगल कार्यालय आहे, मी त्याच्या बाजूनंच आहे. पण रागांना वेळ असते. संध्याकाळचा मारवा, रात्रीचा दरबारी, पहाटेचा ललत. मैफल दहाला संपली की मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग बिचारे घरीच राहतात. आत्या म्हणाली, “पहाटेचं गाणं पहाटे ऐकून मला कित्येक वर्षं झाली.”

ते दुसऱ्याच दिवशी होणार होतं, पण तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी नानांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. नाना म्हणजे माझे थोरले काका, आत्याचे सख्खे भाऊ. सासवडच्या पुढं आमचं गाव. नानांनी बजावून सांगितलं होतं, केक नको, बॅनर नको, डीजे तर नकोच. पहाटे देवळात भजन, नंतर जेवण. ज्याला यायचं त्यानं पहाटे यायचं. जेवायच्या वेळी उगवणाऱ्यानं उपाशी जायचं.

चारला उठलो. आई, बाबा, आत्या आणि मी. दिवे घाटात अंधार आणि अशी थंडी की काचेवर धुकं. आषाढी वारीत माउलींची पालखी याच घाटानं चढते. गावात पोचलो तेव्हा देवळात दिवा होता. लाऊडस्पीकर नव्हता. पंचवीस-तीस माणसं दोन रांगांत समोरासमोर, प्रत्येकाच्या हातात टाळ. मधे एकजण वीणा घेऊन उभा. एका टोकाला पखवाज आणि पेटी.

मी सवयीनं हात पुढं केला आणि टाळ मागून घेतले. सुरक्षित. आपलं जुनं शस्त्र.

सुरुवात रामकृष्णहरीच्या गजरानं. अगदी सावकाश. मग रूपाचे अभंग. आणि मग काकड्याच्या चाली. एकजण ओळ म्हणायचा, सगळे ती उचलायचे. बाहेर अजून काळोख. आत्या खांबाला टेकून बसली होती. तिनं डोळे मिटले होते आणि तिच्या ओठांवर मला एकच शब्द दिसला, “भैरव.” पुण्यातल्या मंडपात जे आता ऐकू येत नाही ते इथं, वीज न वापरता, तिकीट न काढता चालू होतं.

मी टाळ वाजवत होतो. नाना माझ्या शेजारी होते. पाचेक मिनिटांनी ते टाळ न थांबवता माझ्या कानाशी वाकले.

“म्हणत का न्हाईस?”

“नाना, मला गाता येत नाही. मी बेसूर आहे.”

“कुनी सांगितलं?”

“शाळेत.”

नानांनी पुढची ओळ सगळ्यांबरोबर म्हटली. मग परत वाकले. “पट्टी काळी चारची हाय. ती तुज्या गळ्याची न्हाई. माज्यापन न्हाई आता. तू खालनं म्हन. मी खालनंच म्हनतोय.”

आणि तेव्हा मला ऐकू आलं. इतका वेळ मी नानांच्या शेजारी उभा होतो आणि ते काय करतायत हे लक्षातच आलं नव्हतं. सगळे वरच्या सप्तकात खणखणीत म्हणत होते आणि नाना तीच ओळ, तेच स्वर, एक सप्तक खाली म्हणत होते. खर्जात. गर्दीत ते वेगळे ऐकूही येत नव्हते. सगळ्यांच्या खाली सतरंजी अंथरल्यासारखा त्यांचा आवाज होता. शुक्रवारचा तंबोरा आठवला.

इथं जरा थांबतो आणि हे नीट सांगतो, कारण आजच्या भागातलं हे सगळ्यात कामाचं आहे.

वरचा ‘सा’ हा खालच्या ‘सा’च्या बरोबर दुप्पट कंपनांचा असतो. म्हणून दोन्ही एकदम लावले तर ते एकमेकांत विरघळतात, कानाला ते एकाच स्वराची दोन रूपं वाटतात. बाई आणि पुरुष एकच आरती एकत्र म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हेच होतं, आणि आपल्याला जाणवतही नाही. आता मुलांचा आवाज. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, आणि फुटतो म्हणजे साधारण एक सप्तक खाली उतरतो. एका रात्रीत नाही. काही महिने तो धड वर नसतो, धड खाली नसतो, मधेच चिरकतो. माझं आठवीतलं वर्ष नेमकं ते होतं. शाळेतली पेटी लहान मुलांना आणि मुलींना जमेल अशा वरच्या पट्टीत. मी त्या पट्टीला पोचायचा प्रयत्न करत होतो, पोचत नव्हतो, आणि घसरत होतो. बाईंना जे ऐकू आलं ते खरंच वाईट असणार. त्यांनी जे ऐकलं ते चुकीचं नव्हतं. चूक एवढीच झाली की ती गोष्ट सहा महिन्यांची होती आणि मी ती तेरा वर्षं धरून बसलो.

ज्यांना स्वरातला फरक जन्मतःच कळत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. तुम्हाला फोनवर पहिल्या ‘हॅलो’वरून आई चिडलीय की नाही हे कळतं ना? मग तुमचे कान ठीक आहेत. तुम्ही बहुतेक बेसूर नाही आहात. तुम्हाला दुसऱ्या कुणाची तरी पट्टी दिली गेली होती.

तर, मी खालून म्हणायला लागलो. पहिल्या ओळीला आवाजच फुटला नाही, नुसती हवा आली. दुसऱ्या ओळीला थोडा आला. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मला माझा आवाज ऐकू येईनासा झाला, आणि मी घाबरलो, वाटलं परत ओठच हलवतोय की काय. म्हणून छातीवर हात ठेवून बघितला. छाती थरथरत होती. आवाज येत होता. तो नानांच्या आवाजात मिसळला होता, म्हणून वेगळा कळत नव्हता.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास मांडला होता. एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके बरोबरीनं कमीजास्त होतात, असं त्यांना दिसलं. कारण साधं आहे, सगळे एकाच ठिकाणी श्वास घेतात आणि एकाच ठिकाणी सोडतात, आणि श्वासाबरोबर ठोके बदलतात. अभंगात ही श्वासाची जागा बांधलेलीच असते. मोठ्या अभंगाचा चरण अक्षरं मोजून बघा, सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. शेवटचा तुकडा छोटा, तिथं श्वास. तीस माणसं तिथं एकदम श्वास घेतात. तो आवाजसुद्धा ऐकण्यासारखा असतो.

उजाडलं. टाळांचा वेग वाढला, भजनी ठेका दुगुणीत गेला, काही जण पावली खेळायला लागले. शेवटी पसायदान. ते संपल्यावर कुणीच लगेच बोललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, “चहा झालाय का बघा रे,” आणि सगळं पूर्ववत.

जेवताना चुलतभावानं मला एक गोष्ट सांगितली. नाना तीस-पस्तीस वर्षं गावाच्या भजनात चाल म्हणायचे. म्हणजे पुढं उभं राहून पहिली ओळ तेच उचलायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा आवाज वर जाईना. एका एकादशीला ऐन ओळीत आवाज फाटला. दुसऱ्या दिवशी नाना स्वतःच एका बावीस वर्षांच्या पोराला म्हणाले, उद्यापासून तू म्हण. आणि स्वतः रांगेत येऊन उभे राहिले. टाळ घेऊन. एकही दिवस न चुकवता, खालून.

मी तेराव्या वर्षी आवाज फाटला म्हणून गाणं सोडलं. नानांचा त्र्याहत्तराव्या वर्षी फाटला, त्यांनी सप्तक बदललं. मी श्रीखंडाची वाटी हातात घेऊन बराच वेळ गप्प बसलो होतो. आईला वाटलं, झोप येतेय.

आत्यानं तीनलाच घाई सुरू केली. सांगता चुकवायची नव्हती. पूर्वी महोत्सवाचं शेवटचं गाणं भीमसेनजींचं असायचं, त्यांच्यानंतर प्रभाताई अत्रे गायच्या. २०२४ च्या जानेवारीत त्याही गेल्या. पण सगळ्यात शेवटी, सगळं गाणं झाल्यावर, सवाई गंधर्वांची एक जुनी भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात. आम्ही पोचलो तेव्हा मंडप भरलेला. वेळ झाली. व्यासपीठावर कुणी नाही. आधी जुन्या तबकडीची खरखर, आणि मग तिच्या आतून तो आवाज. काही मिनिटांचीच असते ती. पण १९५२ साली गेलेला माणूस गातोय आणि हजारो लोक हलत नाहीयेत.

शुक्रवारी मी असतो तर म्हणालो असतो, रेकॉर्डच तर आहे, यूट्यूबवर ऐकू. पण त्या वेळी मी एक गोष्ट केली. तोंड मिटून, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्या गाण्याचा ‘सा’ शोधला. वर सापडेना. एक सप्तक खाली आलो. सापडला. तिथं थांबलो आणि गाणं संपेपर्यंत तो धरून ठेवला. आत्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं कोपर येणार. नाही आलं.

हा होता वीकेंड. आता तुम्हाला काही करून बघायचं असेल तर चार गोष्टी सांगतो, सगळ्या मी स्वतः चुका करून शिकलोय.

एक, मैफलीला जायचं तर पूर्ण वेळ जमत नसेल तर एकच कलाकार ऐका, पण तंबोरा लावण्यापासून शेवटपर्यंत. तीन कलाकार अर्धे अर्धे ऐकण्यापेक्षा हे बरं. उठायचंच असेल तर राग संपल्यावर उठा, चालू गाण्यात नाही. बैठकीत बसणार असाल तर पाठीला उशी आणि डिसेंबरात शाल न्या, नाहीतर रागापेक्षा पाय जास्त आठवतील.

दोन, मोबाईल बंद. सायलेंट नाही, बंद. रेकॉर्ड करू नका. एकतर परवानगी नसते, आणि दुसरं, तुम्ही ते परत कधीच ऐकणार नाही, हे तुम्हालाही माहितीय.

तीन, आपली पट्टी शोधा. तंबोऱ्याची फुकट ॲप खूप आहेत. हेडफोन लावा, एकेक पट्टी बदलत जा आणि ‘सा’ म्हणा. जिथं खाली ‘प’पर्यंत आणि वर पुढच्या ‘सा’पर्यंत ओढाताण न करता जाता येतं, ती साधारण तुमची पट्टी. ढोबळमानानं, पुरुषांना बरेचदा पांढरी एक ते काळी दोन आणि बायकांना काळी चारच्या आसपास सोयीचं पडतं. पण तुमचा गळा वेगळा असू शकतो, त्यावर विश्वास ठेवा.

चार, एकट्यानं सुरुवात करू नका. बाथरूम ठीक आहे, पण तिथं आधाराला कुणी नसतं. तुमच्या जवळच्या देवळात, सोसायटीत, गावात भजनी मंडळ असेल. बायकांची मंडळं तर जवळपास प्रत्येक गल्लीत असतात. श्रद्धा किती, हे तिथं कुणी विचारत नाही. आमच्या बाबांची देवाशी फारशी बोलाचाल नाही, तेही तिथं टाळ वाजवत होते. भजन नको असेल तर शहरात समूहगानाचे गट असतात. जा, शेवटच्या रांगेत उभे राहा, जमेना तर खालून म्हणा.

आणि ऐकणाऱ्यांत शिक्षक असाल, ताई-दादा असाल, लहान मुलांची गाणी बसवत असाल, तर एक कळकळीची विनंती. एखादं पोरगं खटकलं तर त्याला गप्प करण्याआधी एकदा म्हणून बघा, “जरा खालून म्हण बरं.” पाच सेकंद लागतात.

काल रात्री मी नानांना व्हॉईस मेसेज पाठवला. रूपाच्या अभंगाच्या दोन ओळी, काळी एकमध्ये. मी काळजीपूर्वक सहा वेळा रेकॉर्ड करून सातवी पाठवली. सकाळी उत्तर आलं, चार सेकंदांचं.

“बरं हाय. एकादशीला ये.”

यंदाची पुढची एकादशी मधल्या वारी येतेय. मी रजा टाकलीय.

तर मंडळी, आज एवढंच. तुम्हालाही कधी कुणी ‘नुसते ओठ हलव’ म्हटलं असेल तर आम्हाला व्हॉईस मेसेज पाठवा. बोलून पाठवा किंवा गाऊन पाठवा. गाऊन पाठवलंत तर जास्त आवडेल. हा भाग आवडला तर ज्याला गाण्यात गुण लिहायला बसवता त्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. रामकृष्णहरी!